चार्जर लावायची घाई नको

इलेक्ट्रिक दुचाकी रोज शंभर टक्के चार्ज केल्याने बॅटरीचं आयुष्य लवकर घटतं का, असं एकाने विचारलंय. बॅटरीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले लिथियम) सेल असतील तर फरक पडतो. पूर्ण भरून रात्रभर तशीच उभी ठेवली की जास्तच. मी ऐंशीला प्लग काढतो, कासारवडवली-ऐरोली जाऊन-येऊन आरामात पुरतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर मात्र अधूनमधून शंभरपर्यंत न्याच, नाहीतर बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, चार्ज किती उरलाय याचा अंदाज चुकत जातो आणि स्क्रीनवरच्या आकड्यावर भरवसा राहत नाही.

पण खरी वैरी उष्णता. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रांगत घरी पोचलो की बॅटरी पॅकच्या झाकणाचा हाताला चटका बसतो. पूर्वी मी हेल्मेट काढायच्या आधी चार्जर लावायचो! आता आधी आंघोळ, चहा, मग तासाभराने चार्जर. (बायको म्हणते, गाडीमुळे का होईना, आंघोळ तरी वेळेवर होते.) पार्किंग सावलीतलंच मागा, सेक्रेटरीशी वाजलं तरी चालेल.

गणपतीला गावी जाताना निम्मी चार्ज ठेवून जा. गेल्या वर्षी मी पाच टक्क्यांवर सोडून गेलो होतो; परत आलो तर गाडी डोळेच उघडेना.