पीपीपीओई सर्व्हरच्या पॅकेजमध्ये कर्नल-मोडचा आधार कसा सुरू करावा?

प्रश्न

नमस्कार. तालुक्याच्या गावात केबलमार्गे ब्रॉडबँड देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. ग्राहकांच्या जोडण्या आरपी-पीपीपीओई या पॅकेजमधील पीपीपीओई-सर्व्हरवर येतात (पीपीपीओई म्हणजे इथरनेटवरून प्रत्येक ग्राहकाला ओळख पटवून स्वतंत्र जोडणी, म्हणजे सेशन, देण्याची पद्धत). एका वेळी साधारण सत्तर सेशन असतात. एका वेळच्या सेशनांची कमाल संख्या ठरवणाऱ्या ‘एन’ पर्यायाची मूळ मर्यादा ६४ असल्यामुळे मी ती १०० केली आहे.

दिवसभर काही अडचण नसते, पण संध्याकाळी सर्व घरांत व्हिडिओ सुरू झाले की प्रोसेसर पूर्णपणे व्यापला जातो आणि ग्राहकांचे फोन येऊ लागतात. चालू प्रक्रिया दाखवणारी टॉप ही आज्ञा लावून पाहिले असता पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम पीपीपीडी फारसे काम करताना दिसत नाही, तर ‘पीपीपीओई’ नावाच्या, प्रत्येक सेशनमागे एक अशा चालणाऱ्या प्रक्रिया सगळ्यांत वर दिसतात.

मॅन्युअलमध्ये ‘के’ पर्याय दिल्यास सर्व्हर कर्नल-मोड वापरतो, म्हणजे डेटा हाताळण्याचे काम लिनक्सच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) सोपवतो, असे लिहिले आहे, परंतु माझ्याकडे तो पर्याय दिला की सर्व्हर त्याला ओळखतच नाही आणि वापराची माहिती छापून बंद होतो. पीपीपीओईचे कर्नल मॉड्यूल तर लोड झालेले आहे. मॉड्यूल असूनही पर्याय का मिळत नाही, आणि चालू जोडण्यांना धक्का न लावता हा बदल कसा करता येईल?

उत्तर १

लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या एलएसमॉड या आज्ञेत त्या मॉड्यूलसमोरचा वापराचा आकडा पाहा. तो शून्य असेल तर मॉड्यूल नुसते लोड झाले आहे, त्याच्याकडे एकही सेशन नाही. दुसरी खूण म्हणजे प्रॉक डिरेक्टरीतील ‘नेट’खाली असलेली ‘पीपीपीओई’ ही फाइल. कर्नल-मोडमधील प्रत्येक सेशनची तेथे क्रमांक, मॅक पत्ता आणि इंटरफेस अशी एक ओळ येते.

प्रश्नकर्ता

आकडा शून्यच आहे, आणि त्या फाइलमध्ये शीर्षकाच्या ओळीखाली काहीही नाही.

उत्तर २

म्हणजे आपली सगळी सेशन यूजर-मोडमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रक्रियांमधून, चालली आहेत. त्याची किंमत किती मोठी असते हे आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा खटाटोप कशासाठी करायचा हे पटणार नाही.

यूजर-मोडमध्ये ग्राहकाकडून आलेली इथरनेट फ्रेम कर्नलमधून रॉ सॉकेटद्वारे वर ‘पीपीपीओई’ प्रक्रियेकडे जाते. ती प्रक्रिया पीपीपीओईचा शिरोभाग काढते आणि आतला मजकूर स्यूडो-टर्मिनलमध्ये (टर्मिनलसारख्या आभासी वाहिनीत) लिहिते. तेथून तो पुन्हा कर्नलमध्ये उतरतो आणि मग कुठे पीपीपी इंटरफेसवर आयपी पॅकेट म्हणून प्रकट होतो. परतीच्या पॅकेटला हाच फेरा उलट दिशेने करावा लागतो. त्यातही सिंक्रोनस मोडसाठीचा ‘एस’ पर्याय दिलेला नसेल, तर जणू सगळा मजकूर जुन्या मोडेमच्या तारेवरूनच जाणार आहे अशा रीतीने प्रत्येक बाइट तपासून एचडीएलसी पद्धतीने चौकटीत बसवला जातो. सत्तर प्रक्रियांमध्ये प्रोसेसरची अदलाबदल होते ती वेगळीच.

कर्नल-मोडमध्ये हा फेराच उरत नाही. जोडणी शोधण्याचा टप्पा, म्हणजे पॅडी, पॅडो, पॅडआर आणि पॅडएस या चार पॅकेटांची देवाणघेवाण, पीपीपीओई-सर्व्हरच सांभाळतो. नंतर पीपीपीडी ओळख पटवतो, आयपी पत्ता ठरवतो आणि अधूनमधून इको पाठवून जोडणी जिवंत आहे का ते पाहतो. मात्र ग्राहकाचा डेटा या दोघांपैकी कोणाच्याही हातात येत नाही. तो कर्नलमधल्या कर्नलमध्ये पुढे जातो.

आता मूळ प्रश्न. हा आधार तीन ठिकाणी असावा लागतो. पहिले ठिकाण कर्नलमधील मॉड्यूल, ते आपल्याकडे आहे. दुसरे म्हणजे पीपीपीडीचे पीपीपीओई प्लगइन, जे बहुधा पीपीपी पॅकेजबरोबरच येते. तिसरे ठिकाण खुद्द पीपीपीओई-सर्व्हर, आणि आपली गाडी तेथेच अडली आहे, कारण ‘के’ पर्याय हाताळणारा कोड कंपाइल करतानाच आत घेतला किंवा वगळला जातो. मालिका ३ मधील कॉन्फिगर स्क्रिप्ट ज्या यंत्रावर पॅकेज तयार होते त्याच यंत्रावर मॉडप्रोब करून (मॉड्यूल लोड करून) पाहते आणि एक छोटा चाचणी प्रोग्रॅम चालवून पीपीपीओईचे सॉकेट उघडते का ते तपासते. पॅकेजे बहुतेक वेळा बंदिस्त वातावरणात तयार होतात; तेथे मॉड्यूल लोड करण्याची परवानगी नसते, चाचणी फसते, आणि हा कोड कोणतीही त्रुटी न दाखवता गाळला जातो.

उपाय असा आहे. पॅकेजचा सोर्स घ्या, कॉन्फिगर चालवताना कर्नल-पीपीपीओईच्या तपासणीचे उत्तर आधीच ‘होय’ असे ठरवून द्या, आणि ‘एनेबल-प्लगइन’ हा पर्यायही द्या. कॉन्फिगरचे आउटपुट डोळ्यांखालून घाला आणि कर्नल-मोडच्या ओळीसमोर होकार आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या पॅकेजच्या आवृत्तीला स्वतःचे शेपूट जोडा आणि ते होल्डवर ठेवा, म्हणजे आपोआप बदलू देऊ नका, नाहीतर पुढच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणात वितरणाचे पॅकेज त्याची जागा घेईल.

प्लगइनच्या मार्गाकडे विशेष लक्ष द्या. सर्व्हरमध्ये तो मार्ग कंपाइल होतानाच कोरला जातो आणि मूळ सोर्समध्ये तो ‘ईटीसी’खालील ‘पीपीपी’मधल्या ‘प्लगइन्स’ डिरेक्टरीचा असतो. वितरणाचे प्लगइन मात्र पीपीपीडीच्या आवृत्तीच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवलेले असते. पूर्ण मार्ग लिहिण्याऐवजी नुसते फाइलचे नाव द्या. नावात तिरकी रेघ नसेल तर पीपीपीडी स्वतःच्या आवृत्तीच्या डिरेक्टरीतच प्लगइन शोधतो, त्यामुळे पीपीपी पुढे अद्ययावत झाले तरी जोडणी तुटत नाही. प्लगइन आणि पीपीपीडी यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर पीपीपीडी ते स्वीकारत नाही, म्हणून दुसरीकडून आणलेले प्लगइन वापरू नका. पीपीपी २.४.९ पासून या प्लगइनच्या नावातील ‘आरपी’ हा भाग गेला आहे, तेव्हा आपल्याकडे कोणत्या नावाची फाइल आहे ते आधी पाहून घ्या.

चाचणीसाठी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारेवरील स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) दुसरा पीपीपीओई-सर्व्हर चालवा आणि त्याला एकच चाचणी-ग्राहक जोडा. चालू इंटरफेसवरच दुसरा सर्व्हर उभा केलात तर ग्राहकांच्या पॅडीला दोघेही उत्तर देतील आणि कोण कोणाकडे गेले ते समजणार नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पॅकेज तयार केले, व्हीलॅनवर दोन दिवस चाचणी घेतली आणि काल पहाटे सर्व ग्राहक नव्या सर्व्हरवर घेतले. प्रॉकमधील फाइलमध्ये आता प्रत्येक सेशनची ओळ दिसते, ‘पीपीपीओई’ नावाच्या प्रक्रिया नाहीशा झाल्या आहेत आणि संध्याकाळच्या गर्दीतही प्रोसेसर बराचसा मोकळा राहिला.

मात्र दोन नव्या तक्रारी आल्या आहेत. काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थांबतात. तसेच एखाद्या घरातील वीज अचानक गेली की त्याचे जुने सेशन सर्व्हरवर तसेच पडून राहते. सुरू करण्याच्या ओळीत ‘एम’ पर्यायाने टीसीपी तुकड्याची मर्यादा (एमएसएस) १४१२ आणि ‘टी’ पर्यायाने कालमर्यादा दिलेली आहे, आणि ती ओळ मी बदललेली नाही.

उत्तर ३

दोन्ही तक्रारींचे मूळ त्या न बदललेल्या ओळीतच आहे. ‘एम’ आणि ‘टी’ हे पर्याय सर्व्हर स्वतः वापरत नाही, तो ते ‘पीपीपीओई’ प्रक्रियेकडे सोपवत असे. ती प्रक्रियाच आता नसल्यामुळे कर्नल-मोडमध्ये त्यांचा काहीही परिणाम होत नाही. मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले आहे, पण ते वाक्य नजरेतून सहज सुटते.

इथरनेटच्या १५०० बाइटांतून पीपीपीओईचे ६ आणि पीपीपीचे २ वजा झाले की १४९२ उरतात. त्यातून आयपी आणि टीसीपीचे प्रत्येकी २० गेले की टीसीपीच्या एका तुकड्याला जास्तीत जास्त १४५२ बाइट मिळतात. ही मर्यादा समोरच्या संकेतस्थळाला कळली नाही आणि वाटेत कोणी आयसीएमपीचे, म्हणजे पॅकेट मोठे असल्याचे कळवणारे, संदेश अडवले, तर मोठी पॅकेटे हरवतात आणि पान अर्ध्यावर थांबते. म्हणून आयपीटेबल्सच्या मँगल तक्त्यात, फॉरवर्ड साखळीत, टीसीपीच्या सिन पॅकेटांवर एमएसएस मार्गाच्या एमटीयूनुसार (पॅकेटच्या कमाल आकारानुसार) कमी करणारा नियम घाला. एनएफटेबल्स वापरत असाल तर त्यातही हीच सोय आहे. पीपीपीओई-सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये एमटीयू आणि एमआरयू (स्वीकारायच्या पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा.

पडून राहणाऱ्या सेशनसाठी त्याच फाइलमध्ये एलसीपी-इको-इंटरव्हल २० आणि एलसीपी-इको-फेल्युअर ३ लिहा, म्हणजे उत्तर न देणारे सेशन साधारण मिनिटभरात बंद होईल. नवे मूल्य नव्या सेशनलाच लागू होते. आधीपासून चालू असलेल्यांना पुन्हा जोडावे लागेल, आणि ते सर्वांना एकदम न करता पहाटे थोडेथोडे करावे.