पैलवान भावाचा रिपोर्ट: क्रिएटिनिन आणि एसजीओटी दोन्ही जास्त, खरंच किडनी-लिव्हरचं काही आहे का?

रंकाळ्याची_ताई
नमस्कार, जरा घाबरूनच लिहितेय. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, इथंच शहरात तालमीत असतो, वजन ८६ किलो, अंगानं एकदम भरलेला. एका शिबिरात पूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज केलं आणि रिपोर्टमध्ये तीन-चार ठिकाणी जास्त म्हणून ठळक छापून आलंय. क्रिएटिनिन १.४२, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ७२, युरिया ४६, एसजीओटी ११८, एसजीपीटी ६४, युरिक ॲसिड ७.४. बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.६, पोटॅशियम ४.५ हे नॉर्मल आहेत. त्याला त्रास काहीच नाही, भूक चांगली, झोप चांगली. पण घरात नुसता गोंधळ उडालाय, काका म्हणाय लागलेत प्रोटीन पावडरनं किडनी गेली, आईनं दूध आणि मटण दोन्ही बंद केलंय, वडील म्हणतात उद्यापासून तालीम बंद. आमच्या नात्यात एकांचं डायलिसिस झालेलं सगळ्यांनी बघितलंय त्यामुळं कोण कुणाचं ऐकत नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोपर्यंत हे आकडे कसे वाचायचे कुणी सांगेल का?

लॅबवाली_राजारामपुरी
ताई, बायोकेमिस्ट्रीच्या मशीनवरच माझा दिवस जातो म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं सांगा, रक्त दिलं त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत त्यानं काय केलं होतं? कुस्ती, जोर-बैठका, जड वजन? कारण एसजीओटीला सगळे लिव्हरची टेस्ट म्हणतात पण ते एन्झाइम स्नायूत, हृदयात, तांबड्या पेशींतपण भरपूर असतं. जोरात मेहनत झाली की स्नायूंच्या पेशींतून ते रक्तात उतरतं आणि चांगलं आठवडाभरसुद्धा वाढलेलं राहू शकतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, पण थोडं स्नायूतही आहे, म्हणून तेपण सोबत थोडं चढतं. तुमच्या भावाचं एसजीओटी हे एसजीपीटीच्या जवळपास दुप्पट आहे आणि बिलिरुबिन, अल्ब्युमिन छान आहे, हे चित्र मला स्नायूचं वाटतंय. खात्री करायला दोन टेस्ट आहेत. एक सीपीके, ती स्नायूंची खूण, मेहनतीनंतर ती हजारांत जाते. दुसरी जीजीटी, ती लिव्हरची खूण, स्नायूत नसते. सीपीके वाढलेली आणि जीजीटी नॉर्मल आली तर लिव्हरवरचा संशय बराच कमी होतो.

आता क्रिएटिनिन. स्नायूत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, त्यातला साधारण दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. म्हणजे ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त. वर शिजवलेलं मटण, शिजताना मांसातलं क्रिएटिनच क्रिएटिनिन बनतं, त्यामुळं आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि ताटभर मटण झालं असेल तर सकाळचा आकडा थोडा वर येऊ शकतो. प्रोटीनच्या डब्यात क्रिएटिन मिसळलेलं असेल तरी तेच. आणि ईजीएफआर ही वेगळी टेस्ट नाही, वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढं सूत्रात टाकून काढलेला अंदाज आहे, त्या सूत्राला माणूस पैलवान आहे का कारकून हे कळत नाही. त्यामुळं ७२ बघून झोप उडवू नका. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी म्हणून टेस्ट आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, सगळीकडं होत नाही आणि महाग आहे, पण अशाच केससाठी आहे.

युरिया जास्त प्रोटीननं आणि पाणी कमी पडल्यानं वाढतो, ४६ म्हणजे काहीच नाही. एक लक्षात ठेवा, काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया येतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून किडनी अचानक बिघडली म्हणून रडत आलेली माणसं मी बघितलीत.

रंकाळ्याची_ताई
ताई किती छान समजावलंत! रविवारी त्याची मैदानात कुस्ती होती आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं!! रविवारी रात्री मटण तर होतंच.

डॉ_मेडिसिन_कोल्हापूर
वर लॅबवाल्या ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर. आठवडा-दहा दिवस जड मेहनत थांबवा, हलकं चालणं चालेल, क्रिएटिन असलेली पावडर बंद, पाणी व्यवस्थित, आदल्या रात्री मटण नको, मग परत क्रिएटिनिन, एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, सीपीके करा. सोबत लघवीची साधी तपासणी आणि एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ते ३० च्या आत असावं. किडनीचा जुना आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला दिसावा लागतो, शिबिरातल्या एका कागदावर तो शिक्का कुणी मारू नये. नॉर्मल रेंज पण अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसतात, म्हणजे वीसातला एक धडधाकट माणूस बाहेरच पडतो, आणि पॅकेजमध्ये तर तीस-चाळीस टेस्ट असतात.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मेहनतीनंतर लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, अंग प्रचंड दुखतंय, लघवी कमी झाली, तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल, रात्र असली तरी. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातलं मायोग्लोबिन किडनीला इजा करतं आणि पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो.

माजी_पैलवान_कागल
ताई, पोराला एकट्याला बाजूला घेऊन प्रेमानं विचारा, वजन उतरवायला पाणी तोडतोस का, दुखण्याच्या गोळ्या रोज खातोस का, कुणी इंजेक्शन देतंय का. घरातल्यांसमोर विचारलं तर सांगणार नाही. वजनी गटासाठी पाणी तोडून घाम काढायचा आणि वरून डायक्लोफेनॅकसारखी गोळी, हे किडनीला लई वाईट, दूध-तूप-बदाम खाऊन माणूस मरत नाही पण ह्यानं पोरं बरबाद होतात. आणि तालीम बंद करू नका हो, शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं ते १९१२ साली, तेव्हापासून ह्या गावातली पोरं मातीत घडलीत. वस्ताद लोकांना रिपोर्ट दाखवा, ते विश्रांती देतात.

जयसिंगपूर_सूनबाई
थोडं उलटं पण सांगते. पैलवानाचा आकडा घाबरवतो तसा म्हातार्‍या माणसाचा आकडा फसवतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या, बारीक अंगाच्या, शुगर जुनी. क्रिएटिनिन १.१, पुढं कुठलीच खूण नाही, आम्ही निवांत. डॉक्टरांनी ईजीएफआर काढला तर ५३, आणि एसीआर वाढलेलं. स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन वाढणार कुठून! शुगर आणि बीपीच्या प्रत्येक माणसाची लघवीची ही टेस्ट वर्षातून एकदा झालीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण हे लवकर कळलं तर औषधानं थोपवता येतं.

रंकाळ्याची_ताई
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना दाखवलं, मेहनत थांबवून परत टेस्ट केली. एसजीओटी ३१, एसजीपीटी ३०, जीजीटी १९, सीपीके २१०, क्रिएटिनिन १.२१, एसीआर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आता सहा महिन्यांनी बघू. पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरात क्रिएटिन लिहिलेलं निघालं, ती बंद केली. गोळ्यांचं विचारलं तर गुडघ्यासाठी अधूनमधून खात होता म्हणाला, तेपण डॉक्टरांना सांगितलं. आईनं दूध सुरू केलंय. आता सूनबाईंचं वाचून आजीची आठवण झाली, तिची शुगर १५ वर्षांची आहे आणि एसीआर कधीच केलेलं नाही. त्याला उपाशीपोटी जावं लागतं का?

लॅबवाली_राजारामपुरी
नाही, उपाशी राहायची काही गरज नाही. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली, लॅबमधून आदल्या दिवशी डबी घेऊन या, मधल्या धारेची धरा आणि लवकर पोचवा. ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर ते बरं होऊ द्या, त्यात आकडा खोटा वाढतो. जास्त आलं तर तीन महिन्यांत अजून दोनदा करून बघतात. रक्त त्याच दिवशी द्या म्हणजे ईजीएफआर पण सोबत मिळेल.