'व्यापारी वापरास मनाई' ही अट नको

यंत्रमागाच्या दुरुस्ती-पुस्तिकेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपले लेखन इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे तयार परवाने बनवणारी संस्था), व्यापारी वापरास मनाई करणारा परवाना लावावा, असे आपण सुचवले आहे. त्यामागची काळजी रास्त आहे, पण सोलापुरात ही पुस्तिका वापरणार कोण, तर अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतला जॉबर. तो पुस्तिकेतल्या, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा भाग) अडकण्यावरच्या प्रकरणाची झेरॉक्स खिशात घालून, पैसे घेऊन माग दुरुस्त करणार. हा वापर व्यापारी की अव्यापारी, हे त्याला कोण सांगणार?

त्याऐवजी श्रेय द्यावे आणि सुधारित प्रत त्याच अटींवर वाटावी, एवढेच बंधन घालणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचाच ४.० आवृत्तीचा परवाना घ्यावा. विकिपीडियाने २००९ मध्ये याच प्रकारचा परवाना स्वीकारला आणि २०२३ मध्ये ४.० आवृत्ती घेतली, त्यामुळे तिथला मजकूर आपल्या पुस्तिकेत मिसळता येईल. मनाईची अट घातल्यास ते जमणार नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून सर्व लेखकांची लेखी संमती आधीच घ्यावी.

जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) नक्षीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमना मात्र एमआयटी किंवा जीपीएल हा सॉफ्टवेअरसाठीचा मुक्त परवाना लावावा, कारण सॉफ्टवेअरसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरू नयेत, असे ती संस्थाच सांगते. आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकातून उचललेल्या त्या दोन आकृत्या (मीच चिकटवल्या होत्या) आपल्या नाहीत. त्या नव्याने काढाव्या लागतील.