उत्तर: होडीच्या आतल्या चौकटी कशा बसवाव्यात?

नाथसागरात (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात) मासेमारीसाठी प्लायवूडची होडी बांधताना आतल्या आडव्या चौकटी लोखंडी खिळ्यांनी ठोकल्या तर चालतील का, असं दादांनी विचारलंय. कृपया ठोकू नका. खिळा गंजला की भोवतालचं लाकूड काळं पडतं, पाणी धरतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. स्टेनलेसचे स्क्रू आणि इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) वापरा.

खरी मेहनत चौकट बसवण्याआधी असते. होडीची बाजू कुठेच गुण्यात (काटकोनात) नसते, त्यामुळे आधी पुठ्ठा कापून आत उभा धरा, परकाराचं टोक होडीच्या बाजूला टेकवून तसंच खाली ओढत न्या आणि पेन्सिलीनं उमटलेल्या रेषेवर कापा. मग हाच आकार लाकडावर उतरवा. नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) जाल तसा कडेचा तिरपेपणा वाढतो, तो रंध्यानं हळूहळू काढायचा. फट राहिली तर बाजू ओढूनताणून चौकटीला भिडवू नका, होडीचा आकारच बिघडतो. बारीक भुसा मिसळलेली घट्ट इपॉक्सी भरून कोपरा बोटानं गोलसर करा.

चौकटीच्या तळाला बोटभर खाच हवीच, नाहीतर पाणी कप्प्याकप्प्यांत साचून राहतं. लाकडाच्या कापलेल्या टोकांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून आळते. पहाटे काम करा, थोडी थोडीच कालवा. आणि प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघूनच घ्या.