सेकंड सर्व्हिस आत पडतच नाही, मदत करा (टेनिस)

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, धरमपेठकडे राहतो, वय 39, दीड वर्षापासून टेनिस खेळून राहिलो. फोरहँड, बॅकहँड बऱ्यापैकी जमते पण सर्व्हिसनं पार वैताग आणला. उन्हाळ्यात आम्ही साडेपाचलाच कोर्टवर पोचतो, सातनंतर ऊन उभं राहू देत नाही, म्हणून नुसत्या सर्व्हिसची प्रॅक्टिस होतच नाही, सरळ डबल्स सुरू. काल एका सेटमध्ये माझे 7 डबल फॉल्ट (पहिली नं सेकंड, दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं) झाले. पार्टनर म्हणजे आमच्या कॉलनीतले काका, एक शब्द बोलत नाहीत, बॉल उचलून हातात आणून देतात, त्यानं आणखीच वाईट वाटते.

आधी मी फोरहँडच्याच ग्रिपनं (रॅकेट धरायची पद्धत) सर्व्हिस करायचो. महिनाभरापासून कॉन्टिनेंटल धरून राहिलो, हातोडी धरतो तशी, तर आता बॉल डावीकडेच पळते (मी उजव्या हातानं खेळतो). ड्यूस साइडनं (कोर्टच्या उजव्या बाजूनं) मारली तर साइडलाइनच्या बाहेर, अ‍ॅड साइडनं (डाव्या बाजूनं) सेंटर लाइन ओलांडून भलत्याच बॉक्समध्ये. सेकंडला भीतीनं हात हळू होते नं मग नेटमध्ये. टॉस करून (सर्व्हिससाठी बॉल वर उडवून) तसाच पडू दिला तर दहातून चारदा डोक्याच्या मागं पडला. जुन्या ग्रिपवर परत जाऊ का?

प्रतिसाद:
भाऊ, ग्रिप अजिबात सोडू नका! बॉलला लागताना हाताचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला वळला पाहिजे, तुमचा वळत नसंल म्हणून रॅकेटची कड बॉलला कापत जाते नं बॉल डावीकडे. सर्व्हिस लाइनवर (नेट नं बेसलाइनच्या मधली रेषा) उभं राहून अर्ध्या स्विंगनं तेवढंच करा, आठ दिवस. टॉसचा बॉल तळहातात नको, बोटांच्या टोकांवर धरा, हात सरळ ठेवून डोळ्यांच्या उंचीला सोडा, बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) फूटभर आत पडला पाहिजे. आणि सेकंडला हात हळू करू नका, उलट जोरात घासून स्पिन द्या. नेट मधोमध 3 फूट उंच असते, खांबाजवळ साडेतीन, म्हणून सध्या मधूनच मारा, नेटच्या चांगलं 3 फूट वरून. स्पिन त्याला खाली आणते.

मूळ लेखक:
खूप धन्यवाद दादा. आज सर्व्हिस लाइनवरून 40 मारले, 26 आत पडले! बेसलाइनवरून अजून डावीकडेच जाते पण आता कारण तरी कळलं. एक राहिलं, मॅचमध्ये टॉस बिघडला तर बॉल सोडून परत टॉस केला तर चालते का?

प्रतिसाद:
चालते. रॅकेट फिरवून बॉल हुकला तरच फॉल्ट. बिघडलेला टॉस मारूच नका.