गट सादरीकरण आणि निवडणुकीचा पाठ

गट सादरीकरणात मुले केवळ तक्ते वाचून दाखवतात, या आपल्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आमच्या नववीच्या एका गटाने पुठ्ठ्याच्या खोक्याला पारदर्शक कागद लावून व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी मतदाराला दाखवणारे यंत्र, तयार केले आणि चिठ्ठी प्रत्यक्षात जितका वेळ दिसते तितके, म्हणजे ७ सेकंद, मोठ्याने मोजले. आपले मत तपासायला मतदाराला किती अवधी मिळतो, हे तेव्हा साऱ्या वर्गाला उमगले. ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र त्यांनी भारत निवडणूक आयोगाकडे सोपवली होती. ती राज्य निवडणूक आयोग घेतो, हे मागच्या बाकावरील मुलीने उभे राहून सांगितले, कारण तिची आई सरपंच आहे. त्यातून पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या आणि त्यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवणाऱ्या, १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीवर जी चर्चा रंगली, ती माझ्या पाठाच्या नियोजनात नव्हती.