तिसरा भाग दाखवावा की गाळावा? शनिवारच्या आत सल्ला हवा आहे

चित्रवेडी_मुलुंड :
शनिवारी माझे दोन भाचे डोंबिवलीहून आमच्याकडे राहायला येत आहेत. पहिले दोन भाग त्यांनी मागच्या सुटीत पाहिले आणि दुसऱ्याच्या शेवटी धाकटा रडला. आता दोघेही तिसऱ्यासाठी हटून बसले आहेत. त्या भागाने माझी निराशा केली, तरीही मी तो चार वेळा पाहिला आहे, आणि क्रेनचा पाठलाग सुरू झाला की आजही मला जागचे हलवत नाही. मुलांना तो दाखवावा, की सरळ पुढच्या भागाकडे वळावे? कृपया लवकर सांगा.

दादरकर :
कोणत्या मालिकेचा तिसरा भाग? भाच्यांची वये किती?

चित्रवेडी_मुलुंड :
क्रेन म्हटल्यावर लक्षात येईल असे वाटले होते. टर्मिनेटर, म्हणजे भविष्यातून आलेल्या यंत्रमानवांची मालिका; तिचा 2003 चा भाग. मुले 13 आणि 15 वर्षांची आहेत.

जुना_प्रेक्षक :
गाळावा. 1991 च्या दुसऱ्या भागात सारा कॉनर आणि तिचा मुलगा जॉन जिवावर उदार होऊन सायबरडाइन कंपनीतले, स्कायनेट ही माणसांवर उलटणारी संगणकप्रणाली जन्माला घालणारे संशोधन नष्ट करतात, तिने घडवायचा 29 ऑगस्ट 1997 चा अणुसंहार टळतो, आणि तिसरा भाग येऊन सांगतो की तो केवळ लांबणीवर पडला होता. त्याहून वाईट म्हणजे, जिने इतकी वर्षे स्वतःला लढाईसाठी घडवले, ती सारा रक्ताच्या कर्करोगाने गेल्याचे संवादातून कळते. लिंडा हॅमिल्टन चित्रपटात नाहीच. शिवाय यंत्रमानव झालेल्या श्वार्झनेगर यांना ताऱ्याच्या आकाराचा चष्मा घालायला लावून हशा मिळवला आहे. त्याऐवजी 2019 चा भाग दाखवा. तोही तिसरा, चौथा आणि पाचवा भाग जमेस धरत नाही.

गिरगावकर :
हा सल्ला मला अजिबात पटत नाही. 2019 च्या भागात सुरुवातीलाच जॉनला मारले आहे; दुसऱ्या भागात रडलेल्या मुलाला ते अधिक लागेल. तिसऱ्याचा शेवट मात्र या मालिकेत मला सर्वांत धाडसी वाटतो. स्कायनेटचा गाभा उद्ध्वस्त करायचा म्हणून जॉन आणि त्याची साथीदार केट क्रिस्टल पीक या डोंगरातल्या ठिकाणी पोहोचतात आणि तिथे त्यांना नेत्यांसाठी बांधलेले जुने भूमिगत आश्रयस्थान सापडते, कारण स्कायनेट हे जगभरच्या संगणकांत पसरलेले सॉफ्टवेअर आहे आणि त्याला गाभाच नाही. बाहेर अणुबॉम्ब पडत असतात आणि आत रेडिओवर माणसे विचारत असतात की कोणी ऐकते आहे का. मी तो 2003 साली चित्रपटगृहात पाहिला, तेव्हा दिवे लागल्यावरही आमच्या रांगेतले कोणी लगेच उठले नाही.

ठाणे_पूर्व :
सारावरची दूरचित्रवाणी मालिका दाखवा. 2008 ते 2009 या काळातली आहे, एकूण 31 भाग.

चित्रवेडी_मुलुंड :
मुले सोमवारी सकाळी परत जाणार आहेत. एका चित्रपटाविषयी विचारले आहे, कृपया त्याविषयीच सांगा.

जुना_प्रेक्षक :
शेवट चांगला आहे हे मला मान्य आहे, पण तोपर्यंत दीड तास थट्टा केल्यावर प्रेक्षकाने एकाएकी गंभीर कसे व्हावे?

गिरगावकर :
त्या दीड तासातच तो यंत्रमानव जॉनला सांगतो की 4 जुलै 2032 रोजी मीच तुला मारले, आणि मला भूतकाळात पाठवणारी तुझी भावी पत्नी केट आहे. ही थट्टा नव्हे. पुढे टी-एक्स या शत्रू यंत्रमानवाने ताबा घेतल्यावर तो जॉनवर उठतो आणि अखेर स्वतःशी झगडून स्वतःलाच बंद पाडतो. तो प्रसंग आपण पुन्हा एकदा पाहावा.

दादरकर :
धाकटा कोणासाठी रडला होता? सल्ला त्यावर अवलंबून आहे.

चित्रवेडी_मुलुंड :
यंत्रमानवासाठी. तो वितळत्या पोलादात उतरल्यावर धाकट्याने मला विचारले की आता हा परत येणार नाही का.

दादरकर :
मग त्याला आधीच सांगून ठेवा की तिसऱ्यात चेहरा तोच असला तरी यंत्र दुसरे आहे. जॉनसुद्धा त्याला हेच विचारतो की तुला मी आठवत नाही का, आणि तो वेगळा होता असे उत्तर मिळाल्यावर त्याचा चेहरा उतरतो. तुमच्या भाच्याला ते दुःख कोणीही न समजावता कळेल.

चित्रवेडी_मुलुंड :
हे माझ्या लक्षातच आले नव्हते. शनिवारी रात्री जेवणानंतर तिसराच लावते, आणि शेवटाविषयी मुलांना आधी काही सांगणार नाही.

जुना_प्रेक्षक :
ठीक आहे. साराच्या मृत्यूबद्दल थोरल्याला काय वाटले, तेवढे रविवारी इथे जरूर लिहा.